दीड सूत

मुन्नालाल म्हणाला, बहनजी, पूरा चक्का बदलवा लो,
इसमें अब रखा क्या है.
मी म्हटलं, बघते. आणि दाल बाजारातून
सायकल हाताने ढकलत घरी आणली.
मागचं चाक डुलत होतं,
वरातीत जरा जास्त झालेल्या काकांसारखं.

गच्चीवर चादर अंथरली. पांढरी,
छर्रा पडला तर दिसावा म्हणून.
सायकल उलटी केली, सीट आणि हँडलवर उभी.
तिकडे किल्ला तापत होता, इकडे मी.
सकाळचे सात, आणि पान्याचा आत्ताच चटका बसत होता.
नट सुटेना.
रॉकेल सोडलं, खाली जाऊन चहा करून आले,
पुन्हा पाना लावला, वर पाय ठेवला.
अठ्ठावन्न वर्षांचं वजन
कधी नव्हे ते कामाला आलं.

कोन निघाला. आत त्रेचाळीस वर्षांचं ग्रीस,
काळं, तळाशी लागलेल्या पाकासारखं.
खिळ्याने एकेक छर्रा उकरून वाटीत टाकला,
धुतला, पुसला, मोजला.
मोजायची सवय बाबांची.
मिलच्या स्टोअरमध्ये ते
वॉशरला वॉशर जुळवून घरी यायचे.

उजवीकडे नऊ, सगळे दोन सूत.
डावीकडेही नऊ.
आठ दोन सूत,
आणि एक
दीड.

बोटांना आधी कळलं, डोळ्यांना चष्मा शोधावा लागला.
तळहातावर फिरवला. दीडच.

माझी दहावी होती. चाक डुलायला लागलं तेव्हा
जयवंत म्हणाला, हिनेच आपटली, कंपूच्या उतारावर.
बाबा ओरडले नाहीत. हब गेला, एवढंच बोलले,
सायकल साखळीने खांबाला बांधली
आणि मी वर्षभर पायी.
मग ती माळ्यावर गेली, आणि खाली राहिलं एक वाक्य,
मुलीच्या हाती हब टिकत नाही.
स्कूटर शिकायला निघाले तेव्हा ते निघालं,
मिक्सर जळला तेव्हाही.

पुढचं चाक उघडायची गरज नव्हती.
बिचारं निमूट फिरत होतं.
उघडलं.
एका बाजूला दहा.
दुसऱ्या बाजूला नऊ,
आणि एक छर्रा मावेल एवढी जागा
ग्रीसने नीट लिंपलेली.

म्हणजे त्या रविवारी, आम्ही सगळे मोरेन्याला लग्नात,
आणि तापाचं सोंग काढून हा घरी.
ह्याने हब खोलला. एक छर्रा मोरीत गेला.
मग चौदा वर्षांचं ते पोर
मोरीपाशी बसून किती वेळ घाबरलं असेल,
आणि कधी सुचलं असेल त्याला
पुढून काढून मागे घालायचं.

राग आला. यायलाच हवा होता.
पण राग येता येताच हेही वाटून गेलं
की लिंपण काय सुरेख केलंय गाढवाने.

मुन्नालालकडून नवे छर्रे आणले,
दोन सूत अठरा, दीड सूत वीस, आणि ग्रीसची डबी.
तो म्हणाला, आप खुद बिठाओगी?
मी नुसते पैसे मोजले.

संध्याकाळी चाक फिरवून पाहिलं.
तार न् तार एक झाली, आवाज नाही,
वॉल्व खाली येऊन हलकेच झुलत थांबला.
तेव्हा बडोद्याला फोन लावला.
दिवाळी नाही, कुणी आजारी नाही,
म्हणून तो आधी घाबरलाच.
म्हटलं, जयवंता, तुझा एक छर्रा सापडलाय.

पलीकडे पंखा फिरत होता, तेवढं ऐकू येत होतं.
मग तो म्हणाला,
मोरीतला, की पुढच्या चाकातला?

आणि मी काही बोलायच्या आत, घाईघाईने,
कोन पूर्ण कसू नकोस हं ताई,
कसलास की पाव फेरा मागे घे.

घेतलाय, म्हटलं.